हॉलोब्रुक टाउनचा पूर्व स्टँड

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून नियमित डायरी. कोणाला दाखवायची नाही, पण यश नोंदलेलं बरं.
क्लिनिक विकल्याचे पैसे जमा झाले. तीस वर्षं बर्मिंगहॅमकरांच्या दाढा काढल्या. आता मी, ज्ञानेश्वर सोहोनी, हॉलोब्रुक टाउन फुटबॉल क्लबचा मालक आणि चेअरमन. वैजयंती म्हणाली, अहो, रिटायर झाल्यावर लोक अलॉटमेंट घेऊन भाज्या लावतात. म्हणालो, भाज्यांना व्हिजन लागत नाही.
संकल्प: या सीझनला प्रमोशन, म्हणजे वरच्या लीगमध्ये. पुढच्याला पुन्हा.

५ ऑगस्ट
मॅनेजर डेव्ह म्हणाला, आपल्याकडे एकच गोल करणारा माणूस आहे, कीनन. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय. म्हणालो, डबल पगार देऊन टाक. डेव्ह खूश. तेवढ्यात मॉरीन खोकली. मॉरीन क्लबची सेक्रेटरी. तीन मालक पचवून बसली आहे. म्हणाली, लीगचा नियम आहे. क्लबच्या कमाईचा ठरावीक वाटाच पगारावर खर्चायचा. मालकाने खिशातून घातलेले पैसे कमाईत धरत नाहीत.
विचारलं, पैसे माझे, मग त्रास कोणाला? म्हणाली, आधीच्या मालकालाही हाच प्रश्न पडला होता.

९ ऑगस्ट, सकाळी
नियम पूर्ण वाचला (पहिली दोन पानं). बांधकामाला मर्यादा नाही. डोक्यात लख्ख प्रकाश. पूर्वेला नवा स्टँड बांधायचा. जास्त खुर्च्या, जास्त तिकिटं, जास्त कमाई, जास्त पगार, कीनन खिशात.
वैजयंतीने विचारलं, आहेत त्या खुर्च्या भरतात का? तिला समजावलं की लोक खुर्च्या जुन्या आहेत म्हणूनच येत नाहीत.
रीडिंगहून लेकीचा फोन. ऋजुता फायनान्समध्ये आहे. म्हणाली, बाबा, हा रूल तुझ्यासारखे लोकांसाठीच केली आहे, तू बुडू नये म्हणून. तिचं मराठी व्याकरण मानत नाही. मीही तिचा मुद्दा मानला नाही.

१३ सप्टेंबर
जुना पूर्व स्टँड पाडला. मस्त खड्डा.
सेफ्टीवाल्यांनी खड्ड्यामुळे अर्धं ग्राउंड बंद ठेवायला सांगितलं. त्यामुळे तिकिटं निम्मी. त्यामुळे कमाई कमी. त्यामुळे, मॉरीन म्हणाली, पगाराची मर्यादासुद्धा खाली. आता कीननला आहे तोच पगार देणंही जड जाईल.
गुंतवणुकीत आधी खड्डाच असतो. हरलो, ०–३.

१८ ऑक्टोबर
कमाई वाढवायचा सोपा उपाय: तिकिटं मीच घेतली. चारशे.

२९ ऑक्टोबर
लीगने विचारलंय, एका माणसाला चारशे सीझन तिकिटं कशाला? कळवलं, मित्रपरिवारासाठी. त्यांनी नावं मागितली. महाराष्ट्र मंडळाची यादी पाठवली.

६ नोव्हेंबर
लीगच्या बाईने यादीतल्या लोकांना खरोखर फोन केले. सिंधुबाईंनी सांगितलं, मला फक्त क्रिकेट आवडतं आणि गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत. भीमरावांनी तर उलट विचारलं, तिकिटाचे पैसे परत मिळतील का?
तिकिटं कमाईतून वजा. शिवाय शिक्षा: नवे खेळाडू घ्यायचे नाहीत, जुन्यांचा पगार वाढवायचा नाही.
वैजयंती मंडळाच्या दिवाळीला एकटीच गेली. मला सर्दी होती.

३ डिसेंबर
सलग सहावा पराभव. प्रमोशन पुढच्या सीझनला जास्त शोभेल. पायऱ्यांचं काँक्रीट छान झालंय. काँट्रॅक्टर आगाऊ पैसे मागतोय. थंडीत लोक चिडचिडे होतात.

१६ जानेवारी २०२६
कीनन निरोप घ्यायला आला. वरच्या लीगमधल्या क्लबने घेतलं. मी त्याला नियम समजावून सांगितला, माझे हात कसे बांधलेले आहेत तेही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, मिस्टर सोहोनी, मला डबल नको होतं. आई इथेच राहते, मी ऑगस्टमध्ये आहे त्याच पगारावर तीन वर्षं सही केली असती. मला कोणी विचारलंच नाही.
शेकहँड करून गेला. तरुण मुलं भावनेच्या भरात बोलतात.
चहा करायला गेलो तर क्लबच्या फ्रिजमध्ये दूध नव्हतं. त्यावरून डेव्हला फार बोललो.

१० फेब्रुवारी
काम थांबलंय. काँट्रॅक्टर म्हणतो, आधीचं बिल, मग छप्पर. घर गहाण ठेवायचा विचार वैजयंतीपुढे मांडला. नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणजे विचार करत असावी.

२ मार्च
वैजयंतीने सही केली. म्हणाली, अहो, तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, म्हणून करते. स्टँडसाठी नाही.
स्टँडसाठीच आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत आहे.
संकल्प: उद्यापासून वेळेवर जेवायचं.

११ एप्रिल
पूर्व स्टँडचं उद्घाटन. छप्पर अर्धंच, पण त्यामुळे हवा खेळती राहते. एकवीसशे खुर्च्या. माणसं बसली ती खालच्या दोन ओळींत. मी सगळ्यात वर बसलो, म्हणजे वरचा भागही वापरात दिसेल. पाऊस आला तेव्हा लोक पश्चिमेच्या जुन्या स्टँडमध्ये पळाले. खालून कोणीतरी ओरडलं, चेअरमन, भिजाल. मी ‘असू द्या’ म्हणून हात हलवला. त्यांना तो अभिवादनाचा वाटला असावा.
हरलो.

२ मे
रेलिगेट झालो, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरलो. शेवटची शिट्टी वाजल्यावर एक म्हातारा कठड्याशी उभा राहून रडत होता. त्याला म्हणालो, पाया आपण मजबूत घातलाय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घालून निघून गेला.
डेव्हने राजीनामा दिला. ऋजुता न सांगता घरी आली. आईबरोबर भांडी घासत बसली. भांडी थोडीच होती.

५ मे, दुपारी
उत्तम बातमी. मॉरीनचा फोन. खालच्या लीगमध्ये पगाराचा तो नियमच नाही. मालकाने हवा तेवढा खर्च करावा, कोणी अडवत नाही. मी ताडकन उठलो. पेन घेतलं. नवा स्ट्रायकर, नवा मॅनेजर, कीननलाही परत विचारू. इतके महिने ज्यासाठी झुरलो ते आज हातात. मॉरीनला म्हणालो, बोल, सुरुवात कोणापासून करू?
ती म्हणाली, माझ्यापासून केलीत तर बरं. मार्चपासून पगार झालेला नाही.
वैजयंतीला विचारून सांगतो म्हणालो.