गिऱ्हाईक भांडलं, त्या शुक्रवारी

आई, आज दुपारी मी परीक्षेत नापास झालो आणि तेव्हापासून मला आनंदाने एका जागी बसवत नाहीये. मामाला वाटतंय, पोराला ऊन लागलं. तो आत डाळ ढवळतोय, खोलीतले बाकीचे सुट्टी म्हणून आडवे झालेत, आणि मी जिन्यात बसून मोबाईलवर तुला लिहितोय. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होतो, म्हणून आधी मधलं सांगतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी एका सरांशी वाद घातला. ते म्हणाले, बाहेर जा. मी वर्गाबाहेर गेलो, कॉलेजबाहेर गेलो आणि पुढे देशाबाहेरच आलो. मामा इथे कतारमध्ये, दोह्यात पाण्याचा टँकर चालवतो. त्याने मला बोलावून घेतलं, नजमा भागातल्या त्याच्या खोलीत वरची कॉट दिली आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत चिकटवलं. मी फोनवर बसतो. कुणाचा एसी बंद, कुणाचा गळतोय, सगळं माझ्याच कानात. उन्हाळ्यात इथे एसी बंद पडला की माणूस माणसात राहत नाही, आणि मी कसा आहे ते तुला माहीत आहे. समोरचा एक बोलला की मी दोन. शेवटी मॅनेजर म्हणाला, बिझनेसचा सर्टिफिकेट कोर्स कर, गिऱ्हाइकाशी बोलायला शिक, नाहीतर खलास.

म्हणून दर शुक्रवारी दुपारी अल नस्र भागात जातो. खाली सलून, वर आमचा क्लास. मार्केटिंग, हिशोब, ऑफिसचे ईमेल, तक्रारी कशा घ्यायच्या. रागारागाने नाव घातलं आणि आई, मला ते चक्क आवडायला लागलं. कॉलेजात पुस्तक उघडलं की झोप यायची. इथे शुक्रवारी शिकलेलं शनिवारी फोनवर वापरून बघता येतं. कधी चालतं, कधी फोन आपटला जातो. आणि तिथे ती आहे. मूळची नाशिकची माणसं, पण ती जन्मली इथेच. अबू हमूरहून तिचे बाबा तिला गाडीने सोडतात. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. मराठी सगळी कळते, पण बोलायची लाज वाटते, कारण आजी तिच्या मराठीला हसते. तुला काय सांगू, पहिल्या दोन-तीन शुक्रवारांतच माझं काम तमाम झालं होतं. क्लास सुटला की बाबा येईपर्यंत आम्ही खालच्या कॅफेटेरियात कडक चहा प्यायचो आणि मला आठवडाभर तेवढाच चहा पुरायचा.

मग मी घाण केली. एका शुक्रवारी तिने हसत हसत विचारलं, हा कोर्स तरी पूर्ण करणार ना, की हाही कॉलेजसारखाच? माझ्या डोक्यात तिडीक गेली. भरलेला कप तसाच टाकून मी उठलो आणि घरापर्यंत चालत आलो. पुढच्या शुक्रवारपासून ती मला फक्त गुड आफ्टरनून म्हणायला लागली. नुसतं तेवढंच. जाऊन दुसऱ्या बाकावर बसायची. मी उलट गुड आफ्टरनून म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो. असे बरेच शुक्रवार गेले. मामाला म्हटलं, मी कोर्स सोडतोय. मामा चपाती लाटत होता. त्याने मान वर केली नाही. "सोड की लेका. सोडायला तुला कुठं क्लास लावावा लागतोय."

त्या दिवसांत तू फार आठवायचीस. तुझं मशीन स्वयंपाकघरात, गॅसशेजारी, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या ब्लाउजांना आपल्या फोडणीचा वास आणि आपल्या आमटीत दोऱ्याचे तुकडे. कोपऱ्यावरच्या काकू येतात, ब्लाउज तुझ्या अंगावर फेकतात. "मुंढ्यात आवळतोय, हात वर होईना." तू सुईत दोरा ओवत म्हणतेस, "मुंढा तुझ्याच मापाचा आहे बाई, दिवाळी दंडात बसलीय तुझ्या." त्या आणखी चढतात. मी दप्तर टाकून मधे उडी घेतो, "काकू, ओरडायचं तर तुमच्या घरी ओरडा." तू मापाची टेप माझ्या पाठीवर सण्णकन ओढलीस. "तू मधे बोलायचं नाही. ती माझ्याशी भांडतेय." काकू चहा पिऊन, शिलाई उसवून घेऊन, वर दोन नवी कापडं टाकून गेल्या. तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "भांडायला आली म्हणजे अजून माझीच आहे. जायचं असतं तर गप्प गेली असती." आणि समोरच्या इमारतीतली एक बाई खरोखरच गप्प दुसऱ्या टेलरकडे जायला लागली, तेव्हा तिचा ब्लाउज कुठे बिघडला असेल याचाच विचार करत तू मशीनवर बसलेली असायचीस.

तर आज परीक्षा होती. दोघादोघांनी समोर बसायचं, एक कंपनी, एक चिडलेलं गिऱ्हाईक. आमच्या ट्रेनर बाई केनियाच्या आहेत, शांत, जाड चष्म्याच्या. त्यांनी चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक म्हणून ती आली. हातात कार्ड, त्यावर तक्रार लिहिलेली: एसी गार होत नाही, घरी पाहुणे आहेत. तिने इंग्रजीत वाचल्यासारखं सांगितलं. मी इंग्रजीत पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि मराठीत सुरू झाली.

"तू ऐकतच नाही. कधीच नाही ऐकत. मी जोक केला होता आणि तू चहा सोडून गेला. तो वेटर मला विचारतो, भैया वापस आएगा क्या. मी काय सांगू त्याला? मला किती खराब वाटलं. घरी मी सांगितलं डोकं दुखतंय. माझं डोकं नव्हतं दुखत."

माझं रक्त चढलं. तूच बोलणं टाकलंस, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण आम्हाला पहिला नियम शिकवलाय की गिऱ्हाइकाला मधे तोडायचं नाही, आणि ते थांबलं की विचारायचं, आणखी काही?

"अजून काही?" मी विचारलं.

"हो. अजून खूप आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली. कान लाल, हातवारे, लिंग-वचन सगळं उलटंपालटं. आई, ती भांडत होती. सगळ्या वर्गासमोर, माझ्याशी भांडत होती. मला तिथेच उठून नाचावंसं वाटत होतं आणि मी हात टेबलावर ठेवून शहाण्यासारखा ऐकत होतो. तिचं संपल्यावर दुसरा नियम: तक्रार आपल्या शब्दांत परत सांगायची. सांगितली. बरोबर ना, विचारलं. ती म्हणाली, बरोबर. मग माफी, मग काय करणार आणि कधी. म्हटलं, "चूक माझी. आज क्लास सुटल्यावर चहा, आणि तुझे बाबा येईपर्यंत मी उठणार नाही."

"आणि कोर्स?"

"कोर्सही पूर्ण करणार."

तिने कार्ड उचललं. "ओके. थँक यू."

ट्रेनर बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, हिच्या एसीला काय झालं होतं ते मला कळलं नाही, पण गिऱ्हाईक शांत झालं. तरी परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून तुला पास करता येणार नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, याच जोडीने. मग खाली चहा झाला. तिने मराठीतच बजावलं, पुढच्या वेळी मी जास्त कठीण गिऱ्हाईक होणार, तू अभ्यास करून ये. तिचे बाबा आले तेव्हा मी उठून उभा राहिलो, त्यांनी मान हलवली. एवढंच, पण हलवली.

आता मामा आतून ओरडतोय, "नापास झाल्यावर एवढं खूश झालेलं येडं मी पयल्यांदाच बघतोय. जेवायला ये." हे मोबाईलमध्येच ठेवतो. त्याच्या हाती लागलं तर सगळ्या खोलीला वाचून दाखवेल. एक मात्र त्याला सांगितलं नाही, तिलाही नाही. ती भांडत असताना ट्रेनर बाईंनी दोनदा टेबलावर पेन वाजवलं आणि हळूच म्हणाल्या, इंग्लिश प्लीज. ती एवढी रंगात आली होती की तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं होतं.