हात न उचलण्याचे अठ्ठावीस दिवस

१ मार्च

विज्ञान संपादक व प्रसारक संघाचं पत्र आलं. अकरा वर्षं मी त्यांचा मानद सचिव, आणि मलाच अंतिम ताकीद! पुन्हा कुणावर हात उचलला तर सभासदत्व कायमचं रद्द. कारण काय, तर जानेवारीच्या बैठकीतला तो स्टेपलर. मी तो फक्त हातोड्याच्या दिशेने सरकवला होता. हवेतून. हातोडा म्हणजे आमचे भूगर्भवाले, दगड फोडून फोडून बोलणंही तसंच झालंय. हातोडा ऐनवेळी वाकला आणि मागे बसलेल्या टाचणीच्या कपाळाला लागलं. टाचणी आमचा मुद्रितशोधक, अंगाने आणि आवाजाने बारीक. तीन टाके पडले. त्यानेच समितीला सांगितलं की स्टेपलर हातातून निसटला, म्हणून मी वाचलो. माणूस खरं बोलणारा आहे.

२८ तारखेला वार्षिक सभा. अध्यक्षपदाला मी विरुद्ध हातोडा. संकल्प: तोवर हात उचलायचा नाही. राग आला की दहापर्यंत मोजायचं. संघ सोडला तर मला जायला दुसरी जागा नाही. हे वाक्य कापायला हवं, पण राहू दे.

४ मार्च, सकाळी ८

मोजून पाहिलं. सहापर्यंत पोचलो, कप फुटला. कप उचलला होता, हात नाही. बायकोने काचेचं सगळं सामान माळ्यावर टाकलं. मी किती शांत आहे हे तिला पटवताना मूठ बाथरूमच्या दारावर पडली. दाराला भोक. बायको म्हणाली की बरं झालं, आता आत कोण आहे ते विचारायला नको. हिचा स्वभावच तिरकस.

९ मार्च

संघाच्या त्रैमासिकासाठी एक लेख परीक्षणाला आला. आमच्याकडे लेखकाला परीक्षक कळत नाही आणि परीक्षकाला लेखक. पण मी काय काल नाही जन्मलो. कुंपणाच्या भिंतीवरच्या शेवाळावर लेख. भिंत म्हणजे दगड, दगड म्हणजे हातोडा. खेळ खलास!

हात बांधलेत, शेरे नाही. फाइलच्या समासात चौसष्ट मारले. 'हे वाक्य नव्हे, खून आहे.' 'लेखकाला याच भिंतीत चिणा.' 'तक्ता चुकीचा आहे. त्याचे तुकडे करा, मग लेखकाचे.' चौसष्टावा: 'लेखकाने पुन्हा कधीही लिहू नये.' निनावी मारण्यात काय आरोग्य आहे! दुपारी मस्त झोप लागली.

१२ मार्च

'शांत संवाद' वर्कशॉप. वक्ता मी. एका दंतवैद्याने विचारलं की चिडलेल्या श्रोत्याशी कसं बोलावं. प्रात्यक्षिक दाखवलं. त्याचा टाय माझ्या मुठीत, त्याचं डोकं फळ्याला. जांभळा व्हायला लागला तेव्हा सोडला. फीडबॅक फॉर्मवर त्याने 'अविस्मरणीय' लिहिलंय. अक्षर थरथरतं आहे, डॉक्टर लोकांचं तसंच असतं.

१८ मार्च

टाचणी टेबलापाशी येऊन उभा राहिला. कपाळावरची खूण अजून लाल. म्हणाला, शेवाळाच्या लेखाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. म्हणजे हातोड्याने याला मध्ये घातलंय तर! मी सांगितलं की निवडणूक होईपर्यंत मला शेवाळाला वेळ नाही. बरं, म्हणाला. मत मलाच ना, असं विचारलं. माझ्या भाषणाचे कागद पुढे ओढत म्हणाला की शब्द दिलाय ना. जाताना माझ्या भाषणातल्या चार चुका पेन्सिलीने दुरुस्त करून गेला. कामाचा माणूस.

२५ मार्च

पार्किंगमध्ये हातोडा भेटला. शेवाळ कसं काय, असं मी विचारलं. कसलं शेवाळ, म्हणाला. काय अ‍ॅक्टिंग करतो लेकाचा! मोजायला लागलो. चारवर असताना त्याच्या गाडीला लाथ बसली. गाडी त्याची नव्हती. अंगठा मोडला. ताकिदीत पायांचा उल्लेख नाही, दोनदा वाचून खात्री केली.

२८ मार्च, सकाळी ९

मत टाकलं. मतपत्रिकेचा मजकूर इतका गचाळ की तीन जागी सुधारूनच पेटीत घातली. भाषणाचा प्लॅन: 'विज्ञान कसं लिहू नये' म्हणून तो लेख शेऱ्यांसकट पडद्यावर दाखवायचा. लेखकाचं नाव नाही, माझंही नाही. हातोड्याची भर सभेत कत्तल, आणि माझे दोन्ही हात खिशात.

२८ मार्च, संध्याकाळी ७, दवाखाना

नाक मोडलं आहे. क्रमाने लिहितो.

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने हातोडा. मला तिथेच शंका यायला हवी होती. मग पहिल्या रांगेतल्या बाईंनी पडद्याकडे बोट केलं. प्रत्येक शेऱ्यावर लाल अक्षरांत माझं नाव. चौसष्ट वेळा. फाइल ते आपोआप लावते. कसं काढायचं हे मीच गेल्या वर्षी सगळ्यांना शिकवलं होतं.

टाचणी उठला. लेख त्याचा होता. म्हणाला, तीस वर्षं दुसऱ्यांचं तपासलं, हा पहिलाच स्वतःचा. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, तिला खिडकीतून तेवढी एकच भिंत दिसायची. दोघांनी मिळून नऊ वर्षं शेवाळाच्या नोंदी ठेवल्या. ती गेली, नोंदी राहिल्या.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, तरी तक्ता चुकलाच आहे.

त्याने टेबलावरचा जुन्या अंकांचा बांधीव खंड घेतला. आधी नाक. मग कान. एवढ्याशा माणसात एवढा जोर! तिसऱ्यांदा उचलला, रडायला लागला आणि खाली ठेवला. मी हात उचलला नाही. सुचलंच नाही.

बाकीच्या बेचाळीस सभासदांनी जागच्या जागी लेखी दिलं की खंड त्याच्या हातातून निसटला. दोनदा. पहिली सही हातोड्याची.

२९ मार्च

हातोडा निकाल सांगायला दवाखान्यात आला. त्याला बेचाळीस, मला एक. एक मत बाद, मतपत्रिकेवर संपादन केल्यामुळे. शिवाय माझं सभासदत्व रद्द. दंतवैद्याची तक्रार आली आहे, टाय धरणं हे हात उचलण्यात मोडतं म्हणे.

मग ते एक मत कुणाचं, असं मी विचारलं. हातोडा म्हणाला की पेन्सिलीची खूण होती, बारीक. सभेआधीच टाकलं असणार. पण हातोड्याने हेही सांगितलं की परीक्षण टाचणीला १८ तारखेलाच मिळालेलं होतं. माझ्या नावासकट. तेव्हा तो त्यासाठीच आला होता.

२ एप्रिल

बायकोने एक पाकीट आणून दिलं. टाचणीच्या लेखाची प्रत, माझ्या शेऱ्यांसकट. बासष्ट शेऱ्यांप्रमाणे पेन्सिलीने दुरुस्त्या. फक्त तक्ता तसाच ठेवलाय. बसून पुन्हा पडताळला. तक्ता बरोबर होता.

चौसष्टाव्या शेऱ्यासमोर त्याने एकच शब्द लिहिलाय: 'मान्य.'

खोडरबर घेऊन तो शब्द पुसायला बसलो. घासून घासून कागद फाटला.

बायको दारात उभी होती. आता काय फोडणार, असं तिने विचारलं. मी दहापर्यंत मोजलं. पहिल्यांदाच पुरं झालं. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही.