लुधियान्याआधी लातूर रोड

नांदेड,
४ फेब्रुवारी २०२५

ती. महादेवीअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भावाला लुधियान्यात अखेर दोन खोल्या मिळाल्या. सायकलच्या कारखान्यात लागल्यापासून चौघांत एक खोली करून राहत होते; आता म्हणतात, मुलांना घेऊन ये. मार्चमधलं सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट काढावं म्हणते. शरण्याला एप्रिलमध्ये पाच पूर्ण होतील, त्याआधी गेलं तर तिचं तिकीट लागत नाही. मन्मथ तर अजून दुपट्यातच आहे.

पण आत्याबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, म्हणतात की तान्ह्याला ने आणि शरण्याला माझ्यापाशी ठेव. दोन लेकरं घेऊन एकटी बाई दीड दिवस गाडीत निभावूच शकत नाही, एक तरी फलाटावर राहील, असं त्यांचं ठाम मत. तुमचे भाऊ फोनवर दोघींनाही हो म्हणतात.

अक्का, शरण्याला सोडून मी जाणार नाही. पण खरं सांगते, भीती मलाही वाटते. परभणीच्या पुढे मी एकटी कधी गेलेली नाही. हे फोनवर बोलायची सोय नाही, कारण फोन कानाला लावला की आत्याबाई भाजी निवडायला माझ्याच शेजारी येऊन बसतात. म्हणून पत्र. तसंही तुम्ही पोस्टात असताना आपल्या घरातून कुणी पत्र टाकू नये, हे शोभत नाही.

धाकट्या भावजयीवरची माया आटू देऊ नका.

आपली,
पुनम


उदगीर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पुनम हिस,
अ. उ. आ.

अव्वाच्या भाजी निवडण्याचं वाचून पोट धरून हसले. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती अशीच तांदूळ घेऊन बसायची.

आता कामाचं ऐक. हे सुरतेला होते तेव्हा दोन पोरं घेऊन मी बरीच वर्षं ये-जा केली आहे, तेव्हा हे हवेतलं शहाणपण नाही. खालचा बर्थ माग. शरण्याला भिंतीकडे निजव, तू कडेला. जुनं सुती लुगडं घे. दिवसा झोळी, रात्री पांघरूण, आणि मन्मथला पोटाशी बांधायलाही तेच. दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घे, विकतचं काही लागणार नाही. सचखंडमध्ये वाटेत लंगरचं जेवण प्रेमानं वाढतात, पण ताटली आणि डबा आपला लागतो. पोरांना विटके कपडेच घाल, फार खराब झाले तर टाकून देताना जीव तुटत नाही. शरण्याच्या दंडावर पेनानं तिच्या बापाचा, रुद्रेशचा नंबर लिही. आणि खेळणी सगळी एकदम काढू नकोस, नाहीतर गाडी सुटायच्या आतच दुकान संपेल.

खरी अडचण वेगळीच असते. एकाला लघवी लागते, दुसरं झोपलेलं असतं आणि सामान उघडं पडलेलं असतं. त्यासाठी बसल्या बसल्याच समोरच्या बाईशी ओळख काढ. पैसे आणि मोबाइल गळ्यातल्या पिशवीत ठेव. तान्ह्याला पोटाशी बांध, थोरलीचा हात धर आणि निर्धास्त जा. विटके कपडे कोण चोरणार आहे?

आता माझी मसलत. शिवरात्रीला इकडे ये. बसनं लवकर येशील, पण तसं करू नकोस. परळीमार्गे रेल्वेनं लातूर रोडला उतर, तिथं गाडी बदल आणि मग उदगीर. अव्वाला सोबत आण, पण परीक्षक म्हणून. तिनं बोटसुद्धा लावायचं नाही. दोन्ही लेकरं धड पोचली तर शरण्या लुधियान्याला जाईल. अव्वाकडून मी हे कबूल करून घेतलं आहे.

पोरांचे पापे घे, आणि मला जमेल तसं लिहीत जा.

तुझी,
महादेवीअक्का


नांदेड,
२ मार्च २०२५

ती. महादेवीअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. येताना परीक्षक नव्हत्या, तरी तिघंही शहाण्यासारखे वागलो. आत्याबाई तुमच्याकडे राहिल्या ते बरंच झालं. तिथं त्यांच्यादेखत सांगता आलं नाही ते आता सांगते.

जाताना त्या पदरात हात गुंडाळून खिडकीशी बसल्या. मन्मथनं रडून गाडीचा डबा डोक्यावर घेतला तरी बाहेरच बघत होत्या. समोर औशाच्या एक बाई होत्या. त्यांना आमची अट काय ठाऊक? त्यांनी आत्याबाईंनाच सुनावलं की सुनेशी भांडण असलं तरी नातवावर राग काढू नये. आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बांधलेली झोळीची गाठ मात्र त्यांनी गुपचूप सोडून पुन्हा बांधली, आणि हे धरायचं नाही म्हणाल्या.

लातूर रोडला गाडी बदलताना तुम्ही लिहिलं तेच घडलं. मन्मथ झोपलेला, शरण्या पाय आवळून उभी, सामान पसरलेलं. औशाच्या बाईही तिथंच उतरल्या होत्या, त्यांना सामानाकडे बघायला सांगितलं, मन्मथला बांधलं, शरण्याचा हात धरला आणि जाऊन आले. आता शाबासकी मिळणार म्हणून मी ऐटीत परतले. आत्याबाई एवढंच म्हणाल्या की जमतंय तुला. मग तोंड फिरवून बसल्या. दशमी दिली तर हातातच धरून ठेवली.

अक्का, मी जिंकले आणि मलाच वाईट वाटलं. तुम्हीही लुधियान्याला चला म्हटलं तर नको म्हणाल्या, कारण सांगितलं नाही. पंधरा तारखेचं तिकीट काढलं आहे आणि शरण्याला मी नेणारच. पण त्यांना असं गप्प करून माझा पाय निघणार नाही. त्यांना काय झालंय ते एकदा विचारून बघा.

तुमचा हात पाठीवर असाच राहू द्या.

आपली,
पुनम


उदगीर,
७ मार्च २०२५

पुनमबाईला शांतम्माचा आशीर्वाद.

पत्र माझं मीच लिहून राहिले. महादेवी लिहिते म्हणाली, मी म्हणलं न्हाई. चौथी शिकलेली हाय मी. अक्षराला हसू नको.

तू इचारलंस म्हणं, अव्वाला काय झालं. गाडीचं भ्याव मला कधीच नव्हतं. तू लेकरं कशी सांभाळतीस ते रोज बघून राहिले की. पण मन्मथच्या येळी तू दवाखान्यात होतीस, तवापासून शरण्या माझ्यापाशी निजायची. ती गेली की राती हात कुणावर ठेवू, हे बोलायची लाज वाटली. म्हणून गाडीचं नाव पुढं केलं. औशाची बाई बोलली ते काय खोटं नव्हतं.

तू तिला ने. लेकरू आईबापापाशीच पाहिजे. मला तिकडची थंडी सोसणार न्हाई, मी सध्या हितंच ऱ्हाते. दिवाळीला तुम्ही या. गाडीवर सोडायला मी येत न्हाई, त्याचा राग धरू नको. मला ते बघवणार न्हाई.

महादेवीनं तुला लई सांगितलं, पर एक तिलाबी ठाव न्हाई. शरण्याला झोपताना कानाची पाळी लागती. तुझ्या कानात लोंबतं झुमकं हाय, ते राती काढून ठेव, न्हाई तर तिला पाळी गावत न्हाई आन् ती रडती. आपणच तिचा हात धरून कानाला लावायचा. बोटं ढिली पडली की निजली समज.

तिकडं आल्यापासून राती ती माझाच कान मागत असंल. तू तुझा दे. दोन दिसांत सवय लागंल. लागू दे.

पोचल्याचं कळव, आन् म्हातारीवर जीव असू दे.

शांतम्मा