गाडीखालचा लाल डाग

रविवार, संध्याकाळ

जिंकले मी! जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचं तेल गळून दारातल्या फरशीवर रोज लाल डाग पडायचा. गॅरेजवाला म्हणाला, स्टेअरिंगचा अख्खा रॅकच बदला. आमचे हे, फौजेतून रिटायर झालेले, लगेच तयार! आज मीच पाइप पुसले आणि वर पांढरी रांगोळी भुरभुरली. इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवता फिरवता हे म्हणाले, "आगं, गाडीची पूजा मांडलीस व्हय?"

तेवढ्यात पाइप आवळणाऱ्या एका क्लिपपाशी रांगोळीत लाल रेघ उमटली. क्लिपच सैल! नवी बसवली, तेल भरलं, कोयनानगरचा घाट फिरून आलो. फरशीवर थेंब नाही. हे अजून वाकून वाकून फरशी बघतायत. मला एवढं हसू का येतंय?

उद्याची रांगोळी गाडीखालीच काढणार. लाल रंग माझा मी भरीन.