उपसरपंच कोण, हे ठरवताना

२ डिसेंबर
अर्ज मंजूर. चिन्ह कपबशी. सरपंचपदाची उमेदवार मी! दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवणारी मी. कुणी हाक मारली तरी उगीच हसू येतंय. पण अभिनंदन करून झालं की जो तो एकच विचारतो, तुमचा उपसरपंच कोण? भावजी म्हणतात, निम्मी निवडणूक त्या एका नावावर. आम्ही वरच्या गल्लीचे, म्हणजे नाव खालच्या गल्लीतलं पाहिजे. कागदावर गल्ल्या काढून बसलो. भाकरी करपली.

४ डिसेंबर
माझ्या मनात शोभाताई. आशा वर्कर, बौद्ध वस्तीतली, आमच्याच पॅनेलमधून वॉर्ड तीनला उभी. पुरात रस्ता बंद असताना अडलेल्या बाईला गारगोटीच्या दवाखान्यात पोचवणारी हीच. तिला गावातलं कुठलं दार बंद नाही.
भावजींना सांगितलं तर कपाळाला हात. "वैनी, दोन्ही बायकाच? आन् खालची गल्ली काय टाळ्या वाजवत बसणार हाय?"
त्यांना खालच्या गल्लीतल्या रंगराव अण्णांचा मुलगा विनायक हवा. तोही आमच्याच पॅनेलमधून, वॉर्ड एकला उभा. अण्णांची भावकी मोठी, एका चुलीपाशी बोललेलं वीस चुलींपाशी पोचतं. हिशेब खोटा नाही, म्हणून तर जास्त राग आला.

५ डिसेंबर
अण्णांकडे मत मागायला गेले. चहा, चिवडा, सुनेची चौकशी. उठताना अण्णांनी विचारलंच, विनायकचं उपसरपंचाचं तेवढं जमवाल न्हवं? वडीलधाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं. म्हटलं, "बघू की अण्णा."
ना हो, ना नाही. राजकारण जमायला लागलं म्हणायचं मला!

७ डिसेंबर
डोंबल जमलं. विनायक खालच्या गल्लीत पेढे वाटतोय.
सासूबाईंनी डोळे वटारले. "नुसतं 'बघू' म्हणायचं हुतं. 'की' कशाला लावलीस? 'बघू' म्हंजी न्हाय. 'बघू की' म्हंजी झालंच समज."
खरंच की. (पुन्हा तेच!) 'येऊ की', 'देऊ की' म्हणतो तेव्हा शब्दच देतो आपण. जन्म इथे गेला आणि एका अक्षरात फसले. भावजी मात्र खुशीत. म्हणाले, देवानंच वदवून घेतलं.

८ डिसेंबर
शोभाताई आली. मी तिला अजून विचारलंही नव्हतं, पण पेढ्यांची बातमी पोचलेली.
"पद न्हाई दिलंस तरी मी तुझ्यासंगं फिरनार. एवढंच सांग, इचार करून दिलंस का भिऊन?"
भिऊन. मी चहा ठेवायला उठले. फार लाज वाटली. ती गेल्यावर कागद फाडला, गल्ल्यांसकट.

९ डिसेंबर
सासूबाईंना बरोबर घेऊन अण्णांकडे. शोभाताईचा होकार सकाळीच घेतला होता. बसलेच नाही, उभ्याउभ्या सांगितलं, माझ्या तोंडून गेलं ते चुकलं, उपसरपंच शोभाताई.
विनायक उठून आत गेला. अण्णा म्हणाले, "मत मागायला आलीस का सांगायला?"
"दोन्हीला."
रस्त्यात सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. भावजींनी बोलणं टाकलंय.

१० डिसेंबर
प्रचाराचा नारळ फुटला! देवळासमोर एवढ्या बायका येतील असं वाटलं नव्हतं. माइकवर शोभाताईचं नाव घेतलं आणि टाळ्या थांबेनात. इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता (ह्यांना वाचू द्यायचं नाही).
अण्णा आले होते, भावकीसकट. मागे उभे. टाळी वाजवली नाही. प्रसादाचा तुकडा घेतला, तोंडात टाकला नाही, रुमालात बांधून खिशात ठेवला आणि गेले. भावजी अखेर बोलले: मतं गेली. सासूबाई म्हणतात, तसं न्हाय, घरच्या माणसांसाठी नेलाय. तासभर दोघांचं भांडण.
शोभाताईला विचारलं तर म्हणाली, घरी जाऊनच बघू.
उद्या सकाळी पहिलं घर अण्णांचं. शोभाताई पुढे, मी मागे.