गोळी आधी की घास आधी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकलोय, गुडघ्यांनी अजून परवानगी दिलेली नाही). तुझे सांधे कसे आहेत? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. पहिली बातमी ही की मी मरत नाही.

तू म्हणशील, मरणार होतास कधी? गेला महिनाभर, ताई. तुला ठाऊकच आहे, या संधिवाताने सकाळी माझी बोटं अशी आखडतात की चमचासुद्धा धरवत नाही. तू स्वतः घेतेस त्यातल्याच दुखण्याच्या गोळ्या मला दिल्यास, त्या लागू पडल्या. पण पंचाईत अशी की गोळीशिवाय हात उघडत नाही आणि हात उघडल्याशिवाय घास तोंडात जात नाही. म्हणून आधी गोळी. (आमची ही भरवायला तयार होती, पण ज्याने गावभरच्या नवरदेवांचे कोट शिवले त्याला बायकोने भरवायचं? मी नाही म्हणालो.) हात सुटेपर्यंत दुकान उघडायची वेळ होई, आणि दुकानात वडिलांपासूनचा नियम, कापडाजवळ खाणं नाही. दुपारपर्यंत पोट कोरडं, आणि बोटं ठणकलीच तर आणखी एक गोळी.

मग पोटात आग पडू लागली. मी खापर हिच्या फोडणीवर फोडलं. हिने आधी तिखट बंद केलं, मग तेल, मग माझ्याशी बोलणं. आग काही विझेना. एके दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा मी समजायचं ते समजलो आणि कुणाला न सांगता आवराआवर सुरू केली. वडिलांची मोठी कात्री दुकानातल्या कारागिराला दिली, वर डोळ्यांत पाणी आणून छोटंसं भाषणही केलं. त्याने कात्री ठेवून घेतली आणि संध्याकाळी हिला सगळं सांगून टाकलं. हिने मला जवळजवळ मानगूट धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी घशातून नळी घालून आत पाहिलं, म्हणाले जखम आहे, तुकडा तपासायला पाठवतो. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. काल निकाल आला, भलतंसलतं काही नाही. न विचारता चालवलेल्या गोळ्यांच्या माऱ्याने जठर सोललं गेलं आणि त्यातलं रक्तच काळं होऊन पडत होतं, एवढंच. त्या गोळ्या बंद, पोटाला औषध सुरू, आणि सांध्यांसाठी दुसरे उपचार. मी तिथल्या बाकावर बसून मोकळेपणी रडलो. हीही रडली, मग बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही. कानाला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. सकाळचा घास आता हिच्याच हातून, निमूटपणे.

तुझा,
धाकटा

ता. क. कात्री परत हवी आहे. भाषण करून दिलेली वस्तू कशी मागतात?

आणखी ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. काल फोनवर मी काळं झाल्याचं जेमतेम बोललो, तोच तू सहज म्हणालीस, मलाही काळं होतंय, लोहाच्या गोळ्यांनी असेल. ताई, लोहाच्या गोळ्या तू कधीच सोडल्यास, तूच सांगितलं होतंस. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजच्या आज आणा. हे पत्र घेऊन आलेली आमची ही तुला घेतल्याशिवाय परतणार नाही. तू इथवर वाचेपर्यंत तिने तुझी पिशवी भरली असेल, गाडी खाली उभी आहे. नळीला भिऊ नकोस. मी नर्सचा हात धरला होता, तुझ्यासाठी मी दवाखान्याच्या दारात उभा आहे. माझा हात धर. फक्त हळू धर, दोघांचीही बोटं एकाच घरची आहेत.