फुग्यातून आरपार

४ जुलै
ती. मामांस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.
मामींचा गुडघा कसा आहे? मी मजेत. विज्ञानाचे खेळ घेऊन शाळाशाळांतून फिरते. पेट्या उचलून खांदे हमालाचे झालेत. आईला हा अजून पोरखेळच वाटतो.

एक मागायचंय. अठरा तारखेला सात शाळांचे मुख्याध्यापक माझा खेळ बघायला येणार आहेत. पसंत पडला तर वर्षभर काम, नाहीतर पुन्हा प्रयोगशाळेत बाटल्या धुणं. मला तुमचा तो फुगा हवाय. विणायची सुई आरपार, आणि फुगा शाबूत! नुसता दाखवायचा नाही, प्रत्येक मुलाकडून करून घ्यायचा. म्हणजे गुपित सांगणं आलं. लहानपणी तुमच्या गळ्याची शपथ घेतली होती, म्हणून विचारते.

रागावलात तरी लोभ असू द्या.
तुमची ठकी

९ जुलै
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
नाही म्हणजे नाही! अगं, जादूगाराची भाची ना तू? उस्तादांच्या पेट्या तीन वर्षं वाहिल्या, तेव्हा कुठे त्यांनी हे कानात सांगितलं. चाळीस वर्षं माझा प्रत्येक खेळ याच सुईवर संपला. गुपित कळलं की लोक म्हणतात, हात्तिच्या, एवढंच होय! मग माझ्या चाळीस वर्षांचं काय गं? खुशाल दाखव, पण सांगायचं नाही.

मामी म्हणते, म्हातारा हट्टी आहे. तिचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी.

लोभ आहेच, तो कुठे जातोय?
मामा

१९ जुलै
ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.
शब्द पाळला. सुई आरपार घातली, मुलं आ वासून बघत राहिली. कसं केलं म्हणून एकच गलका झाला. मला सांगायची बंदी आहे, तुम्हीच शोधा, असं म्हणून प्रत्येकाच्या हातात फुगा आणि तेल लावलेली सुई दिली.

मग काय विचारता! फटाफट फुगे फुटायला लागले. शिपाई धावत आला. एका मुख्याध्यापिकाबाईंनी कानात बोटं घातली. म्हटलं, गेलं काम हातचं.

तेवढ्यात तिसरीतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीनं सुई बाजूला ठेवली आणि ती फुगा नुसता चाचपत बसली. मग गाठीजवळ, जिथं रबर सैल असतं, तिथून सुई हळूच घातली आणि समोरच्या काळपट टोकातून बाहेर काढली. शेजारच्यानं युक्ती विचारली, तर हात लावून बघ म्हणाली, आणखी काही सांगेना! थोड्या वेळानं निम्मा वर्ग नाचत होता. मामा, एवढंच होय असं कुणीही म्हणालं नाही. शेवटी कानात बोटं घातलेल्या बाईंनीसुद्धा फुगा मागून घेतला. सातही शाळा मिळाल्या!

गुपित फुटलंच, पण माझ्या तोंडून नाही. तरी चुकलं असेल तर कान धरते.
तुमची ठकी

२५ जुलै
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. तू माझा शब्द राखलास, पोरी. त्याचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा माझ्या कुठल्याच खेळाचा वाटला नव्हता.

आता खरं सांगतो. उस्तादांनी गाठीजवळ घाल म्हटलं, मी घातली. तिथंच का, हे चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही. त्या पोरीनं हात लावून बघितलं. मला कधी सुचलंच नाही गं.

पुढचा खेळ कधी, ते कळव. मी येतोय. जादूगार म्हणून ओळख करून देऊ नकोस. मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसेन. मलाही एक फुगा दे.
तुझा मामा